इंजिन तेच आहे

गाडी कशी निवडावी हे विचारायला माझ्याकडे लोक लांबून येत. लांबून म्हणजे आमच्याच ऑफिसच्या चौथ्या मजल्यावरून. पण लिफ्ट वर्षभर बंद आहे, तेव्हा ते अंतर कमी समजू नका. मी गाड्यांचा जाणकार झालो तो एकाच दुपारी, एका शोरूममध्ये, फुकटची कॉफी पिता पिता. ज्ञान मिळवायला आयुष्य घालवावं लागतं असं म्हणणाऱ्यांनी ती कॉफी प्यायलेली नसणार.

आधी माझी ओळख करून देतो. मी पाणीपुरवठा खात्यात अर्ज तपासतो. नवा नळ हवा असेल तर तुमचा अर्ज माझ्या खिडकीतून जातो, किंवा जात नाही. सातव्या रकान्यात एक आणि अकराव्या रकान्यात भलतंच असं दिसलं, की मी वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहितो, 'माहिती विसंगत. अर्ज परत.' लोक गयावया करतात. अठरा वर्षांत मी एकदाही विरघळलेलो नाही.

बायको शिवणकाम करते. आधी एका कारखान्यात गणवेश कापायची. गेल्या वर्षी ती नोकरी सोडून तिनं घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. मोठे पडदे, सोफ्यांची आवरणं, तंबूंची छतं. अशा कामाला सामान वाहायला गाडी लागते, आणि तिला व्हॅन हवी होती. तिचे वडील आमच्याकडेच राहतात. चौतीस वर्षं त्यांनी बस चालवली. बसमध्ये 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते, ती त्यांनी स्वतःच इतकी मनावर घेतली की अजूनही ते दिवसाला दहाबारा वाक्यांच्या वर जात नाहीत. त्यांतलं एक त्यांनी या विषयावर खर्च केलं.

"व्हॅन घ्या," ते म्हणाले.

पण शोरूममध्ये गेल्यावर माझ्या तपासनीस नजरेनं घोटाळा पकडला. मी तीन माहितीपत्रकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. लाल छोटी गाडी: दीड लिटर, टर्बो. मधली कुटुंबाची गाडी: दीड लिटर, टर्बो. भलीमोठी पांढरी व्हॅन: दीड लिटर, टर्बो. मी विक्रेत्याला बोट ठेवून दाखवलं.

"तिन्हींत इंजिन तेच?"

"तेच, साहेब. एकाच कारखान्यात बनतं. पण त्यात—"

मी तळहात वर केला. खिडकीवर बसून बसून तो हात आपोआप वर जातो. मला हवं ते उत्तर मिळालं होतं. इंजिन तेच, म्हणजे ताकद तीच. व्हॅनला जास्त पैसे पडतात ते नुसत्या पत्र्याचे! मी बायकोला बाजूला घेऊन हे समजावलं. छोटी गाडी घेऊ, सामान जास्त असलं तर मागे ट्रेलर जोडू, ओढणारं इंजिन तर तेच आहे. ती बराच वेळ व्हॅनकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "तुम्हाला खात्री आहे ना?" मला खात्री नाही असा प्रसंग तोवर आलेलाच नव्हता.

लाल छोटी गाडी आली. ऑफिसात मी जेवणाच्या सुट्टीत 'गाडी कंपन्या आपल्याला कशा गंडवतात' यावर बोलू लागलो. महिन्याभरात मला 'टर्बो' हे नाव पडलं. मला ते कौतुकानं पडलं असं वाटत होतं.

आणि मग बायकोला ते काम मिळालं. टेकडीवरच्या नाट्यगृहाचा रंगमंचाचा पडदा. तिथल्या व्यवस्थापकानं स्पष्ट सांगितलं होतं, हा पडदा वेळेवर आणि नीट टांगला गेला तर बाकीच्या दोन सभागृहांचं कामही तिचंच. नाही तर त्या दिवशीच्या संध्याकाळच्या प्रयोगाला जुना ठिगळांचा पडदा लागेल आणि पुढचं काम एका मोठ्या कंपनीकडे जाईल. दोन महिने पुढच्या खोलीत चालायला जागा नव्हती. गडद जांभळी मखमल, आतून जाड कॅनव्हासचं अस्तर, आणि पडदा सरळ पडावा म्हणून बुडाला शिवलेली लोखंडी साखळी. बायको गुडघ्यांवर बसून त्या मखमलीवरून सरकत शिवायची. एकदा पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर ती पडद्यावरच झोपलेली, हातात सुई. मी ती सुई हळूच काढून घेतली आणि पहिल्यांदा मला जाणवलं की ही बाई फार मोठं काहीतरी करते आहे.

पडदा चार वाजेपर्यंत पोहोचवायचा होता, कारण टांगणारी माणसं पाचला जातात. आम्ही शेजारच्या रंगाऱ्याचा दोन चाकांचा ट्रेलर मागून आणला. पडद्याच्या दोन गुंडाळ्या झाल्या होत्या. एकेक उचलायला चार माणसं लागली. सोनेरी झालर वेगळ्या खोक्यात होती, ती शेवटी टाचायची होती. ते खोकं मांडीवर घेऊन सासरे मागच्या सीटवर बसले. रंगाऱ्यानं ट्रेलरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"झेपेल?"

"इंजिन तेच आहे," मी म्हणालो.

"कशाचं?"

मला सांगायला आवडलं असतं, पण वेळ नव्हता.

सपाट रस्त्यावर गाडी झकास चालली. मी आरशातून सासऱ्यांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत नव्हते, मान तिरकी करून ऐकत होते. टेकडीचा चढ लागला आणि त्यांनी दुसरं वाक्य खर्च केलं.

"एसी बंद करा."

"बाबा, उकडेल," मी म्हणालो.

"गाडीलाही उकडतंय."

मी एसी चालू ठेवला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर सिग्नल लागला आणि चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी अशी कण्हली की बायकोनं डॅशबोर्डवर हात ठेवला, जणू तिला धीर देत होती. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. अजून दाबला. तिसऱ्या वळणावर पुढून 'फुस्स' असा आवाज आला, पिवळा दिवा लागला आणि गाडीतला सगळा जोर निघून गेला. इंजिन चालू होतं, पण गाडी नुसती सरपटत होती. उजव्या हाताला एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन चढत होते. त्यांनी आम्हाला मागे टाकलं. जाताना त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली, ती मला फार लागली.

एका चष्म्याच्या दुकानासमोर मी गाडी कडेला घेतली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"किरकोळ आहे," मी म्हणालो. बॉनेट उघडून मी आत तज्ज्ञासारखं पाहिलं. आतमध्ये पुष्कळ गोष्टी होत्या.

आता मदतसेवा. गाडीबरोबर वर्षभराची मिळाली होती. फोनवर अर्ज भरायचा. अर्ज म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण हा माझा प्रांत होता. पहिलाच रकाना: वाहनाचा प्रकार. छोटी मोटार: मदत चार तासांत. मालवाहू व्हॅन: मदत पाऊण तासात.

चार तास! मी घड्याळाकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. ती ट्रेलरवरच्या गुंडाळीवर हात ठेवून उभी होती, आपलं मूल पडू नये म्हणून धरावं तशी. मग मी विचार केला, इंजिन तर तेच आहे. इंजिनाच्या दृष्टीनं पाहिलं तर ही व्हॅनच आहे, फक्त पत्रा कमी. मी व्हॅनवर खूण केली.

एकदा व्हॅन म्हटल्यावर पुढचे रकाने अडायला लागले. रंग विचारला तर यादीत लाल नव्हताच. व्हॅन फक्त पांढरी मिळते. मी पांढरा निवडला. बिघाड काय, तर 'फुस्स आवाज, जोर गेला'. नंबर मात्र खरा दिला. मी प्रामाणिक माणूस आहे.

"नीट भरलंत ना?" बायकोनं विचारलं.

"अगं, अठरा वर्षं मी हेच करतो."

पाऊण तासानं, अगदी सांगितल्या वेळी, मदतसेवेची गाडी आली. आणि निघून गेली. मी हात हलवला, तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती वरच्या वळणापर्यंत जाऊन परत आली आणि पुन्हा आमच्यासमोरून खाली गेली. मी दोन्ही हात हलवले. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी रस्त्यात उतरून उड्या मारत होतो आणि चष्म्याचा दुकानदार दारात येऊन उभा राहिला होता, बहुधा माझ्या नजरेचं काहीतरी बिनसलंय अशा आशेनं. गाडी पलीकडच्या कडेला थांबली. माझा फोन वाजला.

"मी मेकॅनिक बोलतेय. चष्म्याच्या दुकानासमोर आहे. तुमची व्हॅन दिसत नाही."

"मीही चष्म्याच्या दुकानासमोरच आहे."

"इथे पांढरी व्हॅन नाही हो. एक लाल छोटी गाडी आहे, आणि एक गृहस्थ मघापासून उड्या मारतायत."

"त्यांच्याकडे या," मी म्हणालो.

पलीकडच्या गाडीची काच खाली आली. मग ती म्हणाली, "अर्जातल्या वर्णनाची या रस्त्यावर एकच व्हॅन आहे. तीत मी बसलेय."

आणि खरोखरच ती पांढऱ्या व्हॅनमधून उतरली. पन्नाशीची बाई, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात, अंगात कंपनीचा निळा डगला, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातात रबराचा जाडजूड पाइप होता. तिनं गाडीकडे पाहिलं, ट्रेलरकडे पाहिलं, मग फोनवरचा माझा अर्ज माझ्यासमोर धरला. मी अशाच नजरेनं अठरा वर्षं लोकांकडे पाहत आलोय. ती नजर खिडकीच्या या बाजूनं कशी दिसते ते मला तेव्हा कळलं.

बायकोनंही अर्ज वाचला. सासऱ्यांनी खोकं गाडीच्या टपावर ठेवलं, चष्मा लावला आणि वाचला.

"पांढरी?" ते म्हणाले.

"इंजिन तेच आहे हो," मी म्हणालो, पण आवाज बाहेर आला तो नळाला पाणी जाताना येतो तेवढाच.

मेकॅनिकबाईंनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. "टर्बोकडून हवा नेणारा पाइप निसटून फाटलाय. तुम्ही व्हॅन लिहिलंत म्हणून मी व्हॅनचा आणला." त्यांनी तो लावून दाखवला. आमच्या गाडीला हवा त्याहून तो वीतभर लांब आणि बोटभर जाड होता.

"पण तुमच्याच कंपनीचा विक्रेता म्हणाला, तिन्हींत तेच इंजिन."

"बरोबरच म्हणाला. पुढे काय म्हणाला?"

पुढचं मी ऐकलं नव्हतं, हे सांगणं भाग पडलं.

"हे बघा," त्या हात पुसत म्हणाल्या. "एका सिलिंडरमध्ये साधारण अर्धा लिटर मावलं की इंधन चांगलं जळतं. असे तीन लावले की दीड लिटर झालं. म्हणून इतक्या कंपन्या या मापाच्या आसपास येऊन थांबतात. नवं इंजिन काढायचं म्हणजे नवे साचे, नव्या चाचण्या, धुराच्या परवानग्या, वर्षं जातात. त्यापेक्षा एकच नीट बनवायचं आणि सगळ्या गाड्यांत घालायचं. जोर कमीजास्त करायचा तो टर्बोनं. टर्बो म्हणजे हवा कोंबणारा पंखा. तुमच्या गाडीत तो बेतानं कोंबतो, व्हॅनमध्ये दाबून. मग त्या हिशेबानं पाइप वेगळा, रेडिएटर मोठा, गिअर वेगळे. इंजिन तेच असतं. बाकीचं त्या त्या गाडीचं."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "म्हणजे माझा कागदी खाका."

"म्हणजे?"

"मी गणवेश कापायचे ना, तेव्हा एकच खाका असायचा. पहिल्यांदा तो बसवायला आठ दिवस लागायचे. एकदा बसला की त्याच्यावरून चौथीच्या पोरापासून शिपायापर्यंत सगळ्यांचे शर्ट. पण खांदा वेगळा सोडायचा, बाही वेगळी, शिवणीत कापड कमीजास्त ठेवायचं. खाका तोच आहे म्हणून चौथीतला शर्ट शिपायाला घातला तर—"

"फुस्स," मेकॅनिकबाई म्हणाल्या.

दोघी माझ्याकडे पाहून हसल्या. मी चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचत होतो. जे शोरूममध्ये मला अर्ध्या वाक्यात कळलं होतं, ते हिला एका वाक्यात खरोखर कळलं होतं.

बायकोनं मग त्यांच्या डगल्याची बाही हातात घेतली. "हा कुणी कापला? एकाच मापात सगळ्यांना काढलाय."

"पंधरा वर्षं बाह्या दुमडतेय," त्या म्हणाल्या. "घाईत उलगडतात आणि ग्रीसमध्ये जातात."

तीन वाजून पंचवीस. मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी खिडकीच्या त्या बाजूला होतो, आणि गयावया कशी करतात ते मी इतकी वर्षं पाहिलं असूनही मला नीट जमेना. "अर्ज मी खोटा भरला," मी म्हणालो. "हिला ठाऊक नव्हतं. दोन महिने ती या पडद्यावर गुडघे टेकून बसलीय. मला हवा तो दंड करा, पण तिचं काम बुडू देऊ नका."

"नियमानं मला अर्ज रद्द करून परत जावं लागेल," मेकॅनिकबाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"परत जायचे रस्ते दोन आहेत," त्या व्हॅनचं मागचं दार लावत म्हणाल्या. "एक नाट्यगृहावरून जातो. ट्रेलर सोडा."

पाच मिनिटांत ट्रेलर व्हॅनच्या मागे जोडला गेला. पुढच्या सीटवर तीनच माणसं मावत होती. बायको चढली, सासरे चढले. बाबांनी आत बसताच मान तिरकी करून इंजिन ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नात पाहिलं होतं त्यानंतरचं पहिलं हसू आलं. व्हॅन निघाली. तेच दीड लिटरचं इंजिन, तोच ट्रेलर, तोच चढ, आणि ती काही न कुरकुरता वळणाआड गेली. मी समाधानानं माझ्या गाडीला टेकलो.

टपावर खोकं होतं. झालरीचं.

बायकोला फोन केला तर तो गाडीतच, सीटवर वाजायला लागला. सासरे फोन ठेवत नाहीत. मी गाडीला कुलूप लावलं, खोकं खांद्यावर घेतलं आणि चालायला लागलो. दीड किलोमीटर चढ होता. माझ्या इंजिनाला टर्बो नाही, आणि असलं तरी त्याचा पाइप केव्हाच निसटला असणार. अर्ध्या वाटेत मघाचे भाजीवाले आजोबा भेटले, आता उतरत होते.

"गाडी विकलीत?" त्यांनी विचारलं.

मी नाट्यगृहात शिरलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पडदा रंगमंचावर पसरलेला होता, टांगणारी माणसं दोऱ्यांपाशी घड्याळ बघत उभी होती आणि व्यवस्थापक येरझारा घालत होता. बायकोनं आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं मला दुसरी सुई दिली. मला टाका घालता येत नाही, म्हणून मी झालर सरळ धरून गुडघ्यांवर सरकत राहिलो, आणि ती माझ्या मागोमाग टाचत आली. तेवढ्यातच माझे गुडघे सोलवटले. ती हे साठ दिवस करत होती.

पाचला दहा कमी असताना पडदा वर गेला. मखमल हळूहळू उलगडली, साखळीच्या वजनानं सरळ पडली आणि खाली फळीला जेमतेम टेकली. व्यवस्थापकानं दोरी ओढून तो दोनदा उघडला, दोनदा मिटला, आणि बाकीच्या दोन सभागृहांची मापं घ्यायला कधी येता, एवढंच विचारलं. मेकॅनिकबाई अजून गेल्या नव्हत्या. पहिल्या रांगेत बाह्या दुमडून बसल्या होत्या. बायकोनं त्यांची मापं तिथेच घेतली. मला इतका आनंद झाला की मी सासऱ्यांना मिठी मारली. त्यांनी ती सहन केली.

आठवड्यानं मदतसेवेकडून पाकीट आलं. आत माझाच अर्ज होता. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलं होतं, 'माहिती विसंगत. अर्ज परत.' सासऱ्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांच्या दिवसाच्या वाक्यांत हे सहज बसलं. मी तो ऑफिसात माझ्या खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. हल्ली मी अर्ज परत करण्याआधी एकदा विचारतो, "पुढे काय म्हणत होतात तुम्ही?" रांग लांबते, पण नळ जास्त लागतात.

बायकोनं व्हॅन घेतली. पांढरी. तिचे सगळे अर्ज मी भरले आणि तिनं तपासले. चालवतात सासरे, शेजारी बायको बसते, आणि तिसऱ्या सीटवर कापडाचे नमुने असतात. मी मागून लाल छोट्या गाडीतून येतो, झालरीचं खोकं घेऊन. चढावर ते दोघं केव्हाच दिसेनासे होतात. एसी बंद करून मी माझ्या बेतानं जात असतो.

इंजिन तेच आहे, म्हणा.